बघण्याची चार वर्षं

चित्रकलेच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांबद्दल घरोघरी दोन समज पक्के असतात. एक, तिथं अभ्यास नसतो. दोन, तिथली मुलं केस वाढवतात. दुसरा समज बऱ्याच अंशी खरा आहे, त्यामुळे पहिलाही खराच असणार असं लोक धरून चालतात. मी मुंबईला जेजेत, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, शिकत असताना सुट्टीत गावी आले, की आत्या हमखास विचारायची, "तुम्हांला पेपर असतात का गं? की नुसतं रंगवायचंच?" पेपर असतात, एवढंच मी सांगत असे. नुसतं रंगवायचं म्हणजे काय करायचं, हे तिला समजावण्याइतके शब्द त्या वयात माझ्याकडे नव्हते. आता थोडे जमले आहेत.

महाराष्ट्रातलं मूल कलेच्या कॉलेजापर्यंत पोचतं ते बहुधा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांच्या वाटेनं. शाळेत 'ड्रॉइंगचे सर' असतात. त्यांचा तास दहावीच्या वर्षी गणिताला उसना जातो आणि परत येत नाही. तरीही ते शाळा सुटल्यावर चार-दोन मुलांना थांबवून घेतात, वस्तुचित्राला मडकं आणि कांदे मांडतात, स्मरणचित्राला भाजीबाजार नाहीतर बसथांबा देतात. बसथांब्यावरची आमची सगळी माणसं पाठमोरी उभी असत, कारण चेहरे काढता येत नसत. मग कुणाला इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळते, गावात नाव होतं, गणपतीच्या मखराचं काम आपसूक त्याच्याकडे येतं आणि बारावीनंतर प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला जातो. कॉलेजात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आपापल्या तालुक्यातला सर्वांत मोठा चित्रकार असतो. असे पुष्कळ जण एका वर्गात बसले, की महाराष्ट्रात तालुके किती आहेत हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

मी डोंबिवलीला मामांकडे राहायचे. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला ड्रॉइंग बोर्ड लावून चढणाऱ्या मुलीला डब्यात जे ऐकावं लागतं, ते छापण्यासारखं नाही. बोर्ड आडवा धरला तर बायका ओरडत, उभा धरला तर त्याचा कोपरा कुणाच्या तरी अंबाड्यात घुसे. मात्र बोरीबंदरला उतरलं की एक मोठी भरपाई होती. स्टेशनच्या भिंतींवर, खांबांवर, कमानींवर कोरलेली पानं, पक्षी आणि प्राणी आमच्याच कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत, हे पहिल्या वर्षी एका सरांनी सांगितलं. ती इमारत १८८८ मध्ये पुरी झाली, तेव्हा जेजेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स होते आणि त्यांच्या देखरेखीखाली मुलांनी तिचं शिल्पकाम केलं होतं. त्या दिवसापासून गर्दीत धक्के खात असतानाही मान वर जायची. शंभर वर्षांपूर्वीच्या सीनियर मंडळींचं सबमिशन रोज डोक्यावर होतं आणि ते अजून पडलं नव्हतं.

जेजेची स्थापना १८५७ ची. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. इथल्या कारागिरांना चांगलं वळण लावावं आणि त्यांच्याकडून चांगल्या वस्तू घडाव्यात, एवढाच सुरुवातीचा हेतू. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्पकला शिकवायला आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा मुलगा, पुढं लेखक म्हणून गाजलेला रुडयार्ड, याच आवारात जन्मला. आवारातल्या जुन्या लाकडी बंगल्यापाशी परदेशी पाहुणे त्याच्या नावानं फोटो काढत. आम्हांला त्या बंगल्याचं अप्रूप वेगळ्या कारणानं होतं. आवारात झाडं दाट होती आणि बंगल्याच्या बाजूला दुपारी उन्हाचे कवडसे असे पडत, की 'आउटडोअर'ला पाठवलेला अर्धा वर्ग तिथंच बसलेला सापडे.

पहिल्या वर्षी माझ्याकडचं बरंच काही काढून घेतलं गेलं. पहिली गेली ती काळ्या रंगाची बाटली. पोस्टर कलरच्या डब्यातून सरांनी ती उचलली आणि टेबलाच्या खणात टाकली. "सावली काळी दिसते का? बघ नीट." समोर पितळी तांब्या, मागं मळकट पांढरी ड्रेपरी. तांब्याची सावली कापडावर पडली होती आणि मी ती काळ्यात पाणी घालून करणार होते. तास-दोन तास बघत बसल्यावर त्या सावलीत निळा दिसू लागला, तांब्याच्या बाजूला जरा पिवळट, कडेला तर चक्क जांभळा. मग स्टुलावरून उठून मी खिडकीबाहेर पाहिलं, तर सगळ्या झाडांच्या सावल्या निळ्या-जांभळ्या झाल्या होत्या. त्या पुन्हा काळ्या कधी झाल्याच नाहीत.

नंतर खोडरबर गेलं. चुकलेली रेघ राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ मारायची. चूक खोडली तर आपण कुठं आणि किती चुकलो हे विसरायला होतं, असा त्यामागचा हिशेब. मग वस्तूच गेली. खुर्ची काढू नका, खुर्चीच्या दांड्यांमधली रिकामी जागा काढा, असं सांगितलं गेलं. आम्ही हसलो. पण जागा काढत गेलो आणि खुर्ची आपोआप उभी राहिली, तीही याआधी कधीच आली नव्हती इतकी चोख. शाळेत जे येत होतं म्हणून कॉलेजात प्रवेश मिळाला, ते सगळं पहिल्या वर्षी उतरवून ठेवायचं असतं. ज्यांचा हात मुळातच सफाईदार, त्यांना हे फार जड जातं. वर्गातली सर्वांत सुबक चित्रं काढणारी मुलगी त्या वर्षी रोज रडायची आणि ज्याला कुणी फारसं मोजत नव्हतं, असा विदर्भातला एक अबोल मुलगा झपाट्यानं पुढं गेला.

स्टुडिओच्या मोठ्या खिडक्या उत्तरेकडे का असतात, हे मला तिथंच समजलं. उत्तरेकडून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. सकाळी पडलेली सावली दुपारपर्यंत फारशी हलत नाही, म्हणून समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तासन्‌तास एकाच प्रकाशात बघता येतो. बघण्यासाठी इतका विचार करून बांधलेली दुसरी खोली मी पाहिलेली नाही. त्या उजेडात इझल, खाली डाँकी नावाची घोड्यासारखी स्वार होऊन बसायची बैठी लाकडी बाकं, टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास, भिंतीशी प्लास्टरचे ग्रीक देव. कुणाचं नाक फुटलेलं, कुणाच्या डोक्यावर मुलांनी टोपी अडकवलेली.

लाइफच्या वर्गाबद्दल बाहेर फार कुजबूज असते. माणसाला समोर बसवून देहाचा अभ्यास करण्याची ही रीत जेजेत तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, म्हणजे १९१९ नंतर रुजली. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा सिनेमा २०१८ मध्ये आला आणि मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईचं आयुष्य मराठी प्रेक्षकांना पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं. आमच्या वेळी अशी चर्चा नव्हती. घरी सांगायची सोय तर नव्हतीच. पहिल्या दिवशी आम्ही सगळे अवघडलो होतो, फक्त मॉडेल म्हणून बसणाऱ्या मावशी अवघडलेल्या नव्हत्या. त्या आल्या, चौथऱ्यावर बसल्या, सरांनी त्यांच्या पावलांभोवती खडूनं खुणा केल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती झाली की पुन्हा त्याच खुणांत पाऊल ठेवून बसायचं. दहा मिनिटांत अवघडलेपण गेलं, कारण खांद्याचं हाड कुठून निघतं आणि कुठं जातं हेच सापडेना. जिथं मोजमाप चुकत असतं, तिथं डोक्यात दुसरं काही यायला जागा नसते.

मावशी विश्रांतीच्या वेळी चादर गुंडाळून चहाचा पेला हातात घेत आणि इझलांमधून एक फेरी मारत. माझ्या मागं थांबून एकदा म्हणाल्या, "माझा हा खांदा एवढा खाली नाही गं बाई, वजन मी दुसऱ्या हातावर टाकलंय." त्यांचं खरं होतं. मुलांच्या किती तरी तुकड्या त्यांच्याकडे बघत आल्या होत्या आणि मुलं कुठं चुकतात हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांना मिळणारे पैसे थोडे होते, मान त्याहून थोडा. गुणपत्रिकेवर कुठल्याच विषयापुढे त्यांचं नाव नसतं. माझ्या हिशेबी त्या शिक्षिका होत्या.

आता अभ्यासाबद्दल. सबमिशन हा कलेच्या कॉलेजातला खरा सण आणि खरं सुतक. वर्षभर प्रत्येक विषयाच्या असाइनमेंट ठरलेल्या. आधी रफ, रफवर सरांची सही, मग फायनल. सही नसेल तर फायनल कितीही चांगलं असो, घेत नाहीत. म्हणून आदल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये सरांना गाठणाऱ्या मुलांची रांग लागते. शेवटच्या रात्री कुणाच्या तरी खोलीवर सात-आठ जण जमतात. एकाचा स्केल, दुसऱ्याचा ब्रश, तिसरीचा टायटॅनियम व्हाइट. मध्यरात्री कुणीतरी दुसऱ्याचं मार्जिन आखून देतं, कुणी माउंट कापून देतं आणि पहाटे सगळ्यांना कळतं की तैलरंग अजून ओला आहे. ओला कॅनव्हास लोकलनं नेण्याची कला अभ्यासक्रमात नाही, पण ती शिकल्याशिवाय कुणी पास झालेलं नाही.

सबमिशननंतर सगळी कामं भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली जात आणि सर त्यांच्यासमोरून चालत. त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले, तेवढं पूर्ण सत्रात शिकले नाही. समोर तोच तांब्या, तेच कापड, तोच प्रकाश, आणि भिंतीला टेकलेली चित्रं एकमेकांशी न जुळणारी. कुणाला कापडाची घडी दिसली होती, कुणाला तांब्यातलं खिडकीचं प्रतिबिंब, एकाला फक्त त्या दोहोंमधलं अंतर. आमचे एक सर फारसं बोलत नसत. एखाद्या चित्रापाशी थांबत, ते उलटं करून ठेवत आणि पुढं जात. उलट्या चित्रात काय आहे हे कळेनासं होतं, आणि रंगांचं वजन कुठं कलंडलंय तेवढंच उरतं. चित्र सुलट करून पुन्हा कामाला लागायचं. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकल्याचं कुणालाच आठवत नाही आणि त्यांच्यावर कुणाचा रागही नाही.

पेपर असतात, हे मी आत्याला खरंच सांगितलं होतं. कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र. जेवणानंतरचा तास, पडदे ओढून केलेला अंधार, स्लाइड प्रोजेक्टरची घरघर. अशा वेळी जॉत्तोपासून पिकासोपर्यंत सगळे मिळून अंगाई गात. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं म्हणजे चित्रं बघण्यापुरतीच. पण त्याच ग्रंथालयात एक दिवस म. वि. धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हाती लागलं. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जेजेत आलेला माणूस १९३१ पर्यंत तिथंच शिकवत राहिला, त्याची ही आठवणींची वही, आपल्या भाषेत. त्यांची मुलगी अंबिकाही इथंच शिकून चित्रकार झाली. पुढं प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचलं. चित्रकार स्वतःच्या डोक्यात काय चाललंय हे मराठीत इतकं नेमकं लिहू शकतो, हे पाहिल्यावर सौंदर्यशास्त्राच्या पेपरची भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी परीक्षेनंतर गेली.

इतिहास अंगावर आला तो मात्र अजिंठ्याला. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत वेळोवेळी तिथं राहून लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढं स्वतः मोठे चित्रकार झाले. अपुऱ्या उजेडात, वटवाघळांच्या वासात, हंगामामागून हंगाम. यातल्या बऱ्याच प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या आगीत जळाल्या. स्टडी टूरमध्ये पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर आमचे सर हे सांगत होते, तेव्हा मागून एकानं विचारलं, "म्हणजे तेवढी वर्षं फुकट गेली?" सर म्हणाले, "चित्रं गेली. त्या मुलांनी बघितलेलं कसं जाईल?"

पैशांची बाजू सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळ मुलं मधूनच गळतात. सरकारी कॉलेजाची फी एक वेळ परवडते, साहित्य परवडत नाही. चांगल्या रंगाची एक ट्यूब घ्यायची म्हणजे दोन-चार दिवसांचं जेवण. म्हणून श्रावण लागला की आमचा अर्धा वर्ग गणपतीच्या कारखान्यांत असायचा. रंगकाम सगळ्यांना मिळे. डोळ्यांची आखणी ज्याचा हात स्थिर त्यालाच, आणि तिचे पैसे वेगळे. लाइफच्या वर्गात ज्याला नापास होण्याची धास्ती होती, तो लालबागमध्ये आखणीवाला म्हणून वट राखून होता. फाइन आर्टची मुलं उपाशी आणि अप्लाइड आर्टची मुलं दुकानदार, हा दोन शेजारी कॉलेजांमधला जुना टोमणा. कारखान्यात मात्र दोघंही शेजारी बसून सोनेरी मुकुट रंगवत.

चित्राला गुण देता येतात का, हा प्रश्न आम्ही कॅन्टीनमध्ये चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सोडवायचो. पुराव्यादाखल कुणीतरी आर. के. लक्ष्मण यांचं नाव घेई, ज्यांना जेजेनं प्रवेशच नाकारला होता. दुसरा एफ. एन. सूझा या चित्रकारांचं नाव काढी, ज्यांना कॉलेजातून काढून टाकलं गेलं. पण या यादीसमोर दुसरीही यादी आहे. शंकर पळशीकर याच वर्गांत शिकवत होते. तय्यब मेहता आणि अकबर पदमसी इथंच शिकले. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ मध्ये इथून डिप्लोमा घेतला. पुढं ते वर्षाला पाच-सहाच चित्रं करत, बाकीचा वेळ बघत आणि विचार करत बसत, असं त्यांना जवळून ओळखणारे सांगतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पाच-सहा चित्रांवर हजेरी भरली नसती आणि टर्मवर्कही पुरं झालं नसतं. तरीही त्या बघत बसण्याची सवय लागायला एखादी जागा लागते, आणि ती लागण्याच्या वयात लागते.

आमच्या वर्गातून नाव झालेला चित्रकार एखाद-दुसराच. एक जण सिनेमाच्या कलाविभागात आहे, दोघी जाहिरातीत, एकानं वडिलांचा गणपतीचा कारखाना वाढवला, एक बँकेत लागला. बरेच जण शाळांमध्ये कलाशिक्षक झाले, जिथं त्यांच्या जागा वर्षागणिक कमी होत चालल्या आहेत. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. कॉलेजनं आम्हांला चित्रकार केलं असं म्हणणं खोटं ठरेल. ते कुठल्याच कॉलेजच्या हातात नसतं. त्यानं एकच गोष्ट केली. जगात सगळीकडे बघत बसणं हा रिकामटेकडेपणा समजला जातो, तिथं ऐन विशीतली चार वर्षं बघणं हेच आमचं काम आहे असं ठरवून दिलं आणि ते नीट केलं नाही तर रागावणारी माणसं नेमली.

आता जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, २०२३ पासून. मुलांच्या हातात टॅब आले, संदर्भासाठी मोबाइलवर लाखो चित्रं आली आणि सांगाल तसं चित्र काढून देणारं यंत्रही आलं. यंत्र तांब्या माझ्यापेक्षा देखणा काढील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन तास तांब्यासमोर बसून माणसाचं जे होतं, ते यंत्र त्याच्या वतीनं करून घेऊ शकत नाही. त्यासाठी खोली लागते, उजेड लागतो, समोर बसायला तयार असलेलं माणूस लागतं आणि पूर्ण वेळ नेमलेले शिक्षक लागतात. यातलं शेवटचं आपल्या राज्यात सर्वांत दुर्मीळ होत चाललं आहे. मुंबईतच नव्हे, सावर्डे, देवरुख, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इथल्या कॉलेजांतही मुलं आज शिकताहेत आणि मॉडेल मिळालं नाही तर एकमेकांनाच समोर बसवून हेड स्टडी करताहेत. त्यांना मोठ्या दर्जाआधी हे साधं सामान पुरवायला हवं.

आणि तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा उद्या कलेच्या कॉलेजात जातो म्हणाला, तर नोकरीचं काय, हे जरूर विचारा. प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर ठरवण्याआधी जवळच्या कॉलेजाच्या वार्षिक प्रदर्शनाला त्याच्याबरोबर जाऊन या. ही प्रदर्शनं बहुधा सगळ्यांसाठी खुली असतात आणि तिथं मुलांच्या नातेवाइकांखेरीज फारसं कुणी फिरकत नाही. एखाद्या चित्रासमोर, आवडो न आवडो, पाच मिनिटं उभे राहा. काढणारं मूल बहुधा शेजारीच घुटमळत असतं; ते कसं केलं, हे त्याला विचारा. मग काय ते ठरवा.